डोंगराचा तेरावा

३ मार्च
नोबू, तुझा गुडघा कसा आहे गं? दाजींचा खोकला सुटला का? धाकट्या सायोचं नाक अजून गळतंय? आणि तुझ्या सासूबाईंना नवी कवळी बसली, की अजून पेजच चालू आहे? मी खुशाल. सगळा जन्म समुद्राकाठी गेला आणि म्हातारपणी डोंगर चढलो! निवाऱ्यातली चूल पेटती ठेवायची, मिसोचं सार उकळायचं, एवढंच काम. रोज थोडं लिहीत जाईन, पानं साठली की धाडीन. हारुए ही इथली मालकीण, लोकांना स्कीवरून डोंगरात फिरवते. जिभेची तिखट, पण आल्या आल्या मला आपले लोकरी मोजे दिले. माझा पहिला चहा पिऊन म्हणाली, आजोबा, हा चहा आहे की चुलीतली राख धुतलीत?

८ मार्च
हिमाचं आता काही खरं नाही. दुपारच्या उन्हाने वरचं हिम पाणावतं, पहाटे काचेसारखं होतं, त्यावर नवं भुरभुरीत येऊन बसतं. हारुए रोज फावड्याने खड्डा खणून थर बोटांनी चाचपते. तळाशी साखरेसारखा रवाळ थर आहे, त्यावर तिचा मुळीच भरवसा नाही.
आज पाहुणे आणि हारुए धरून बारा जणं निघाली. बारा जणांनी डोंगरात जाणं इथे चालत नाही. डोंगराची देवी खवळते आणि त्यांतलं एक ठेवून घेते. म्हणून लाकडाचा माणूस कोरून तेरावा म्हणून पाठीवर नेतात आणि वरच सोडून येतात. त्याला सान्सुके म्हणतात. एका शहरी पाहुण्याने हसत विचारलं, याचं भाडं कोण भरणार? हारुए म्हणाली, तुम्ही राहा वर, मग याला फुकट खाली आणते. सगळे सुखरूप उतरले आणि तसेच गावात गेले.

१० मार्च
सरपणाला खिंडीपर्यंत गेलो होतो. गोठून पांढऱ्या भुतांसारख्या झालेल्या झाडांखाली सान्सुके छातीपर्यंत हिमात रुतलेला. कोरलेलं तोंड असं केविलवाणं की मला राहवेना. उचलून आणला, माझा मफलर गुंडाळून चुलीशेजारी बसवलाय. हारुए गावातून परतली की हसून हसून लोळेल.

१२ मार्च
ती हसली नाही. रागावलीही नाही, त्याचंच जास्त भय वाटलं. चेहरा पांढराफटक. एवढंच म्हणाली, आजोबा, दिलेलं परत घेतलंत. आणि त्या बारा जणांतली आता एकटी मीच डोंगरात आहे.
दक्षिणेचा उबदार वारा सुटलाय. पाय ठेवला की हिम आतून कण्हतं आणि अख्खा उतार खचतो. अशा दिवशी ती कुणालाच वर जाऊ देत नाही. तरी सान्सुकेला पाठीशी बांधून स्वतः निघाली. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, तुमच्या स्की तुमच्याहून म्हाताऱ्या, बसा गप.

दुपारी
वर गडगडाट झाला. मग काहीच नाही. तिच्याशी बोलायचा रेडिओ नुसता खरखरतोय.
खिडकीतून ती गोठलेली पांढरी झाडं दिसतात. सकाळी अंगणात झाडं नव्हती.

१३ मार्च
दारात सान्सुके. घसरत आला असेल. डोळे, तोंड सगळं पुसून गेलंय. नुसता ओंडका. आता त्याला माणूस म्हणून कोण धरेल—
त्याच्या मागे हारुए. रांगत. जिवंत!
चुलीशी निजवली. हातांवर पांढरं दंव. चोळलं, वितळत नाही. आतून उगवतंय— कोपरापर्यंत—
म्हणते, आजोबा, झाडांच्या रांगेत माझी जागा ठेवलीय.

संध्याकाळी
दंव गळ्यापर्यंत. बोलत नाही. फक्त डोळे.
झाडं भिंतीला टेकलीत. छप्पर कुरकुरतंय—

देवीला ओरडून सांगितलं. चूक या म्हाताऱ्याची, पोरीची नाही. मला धर. दार उघडलं. उंबऱ्याबाहेर बसून लिहितोय.

मागे टप— टप— तिच्या हातांवरून पाणी गळतंय. रडतेय. आत राहा म्हटलं, दार लाव—

लावलं. शहाणी पोर.

पाय कुठे संपतात कळत नाही. पेन्सिल बोटांना चिकट—

नोबू, लवकर पत्र लिही. हारुएच्या नावाने. तिला लिही, दोष तिचा ना