कुलूप लागलेली आगगाडी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

माझ्या आगगाडीला कुलूप लागलंय. सकाळी भाजी चिरून झाली, टीव्ही लावला, खेळाचं मशीन चालू केलं, तर आगगाडीच्या चित्रावर एवढंसं कुलूप. दाबलं तर इंग्रजीत चार ओळी आल्या नि परत तेच चित्र. दाबू नये ते काही दाबलं की काय मी?

मशीन श्रीविद्याचं, माझ्या नातीचं. मार्चमध्ये पुण्याला नोकरीला जाताना मला शिकवून, इथंच ठेवून गेली. डोंगरातनं रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, माणसं चढवायची-उतरवायची, असला खेळ. मी चौथी शिकलेली, पण अकरा स्टेशनं बांधलीत. पहिल्याचं नाव निपाणी, माहेर म्हणून. आम्ही राहतो ते जयनगर पण आहे, ते समुद्राच्या काठाला. खेळ माझा, समुद्र कुठंही आणीन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन बंद करून चालू केलं. वायर काढून पुसली. सुनेला दाखवलं. क्षमा म्हणाली, "आई, मिक्सर असता तर काहीतरी सांगितलं असतं."

संध्याकाळी संग्राम पीण्याच्या कारखान्यातनं आला. माझा मुलगा लेथवर केसाएवढा फरक ओळखतो, म्हटलं हे पण ओळखेल. लांबूनच बघितलं नि म्हणाला, "जिचं आहे तिला विचार." गेला आंघोळीला.

जिचं आहे ती त्याचीच पोरगी! आठ महिने बोलला नाही तिच्याशी. आपल्यामागं कारखाना तिनं बघावा असं त्याच्या मनात, आणि तिनं पुणं धरलं. "जातीस तर जा, मला फोन करू नको," म्हणाला. तिनं केला नाही. हट्टाला दोघं सारखी. ती रविवारी मला फोन करते, तेवढ्या वेळेत ह्याला नेमकं बाहेर काम निघतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मजा आली. चौथ्या ब्लॉकात मशीनं दुरुस्त करणारा हयवदन आहे, त्याच्याकडं गेले. मशीन पिशवीत, वर टॉवेल, कोथिंबीर घेऊन चालल्यासारखी. "बन्नी अज्जी, बसा," म्हणाला. बन्नी म्हणजे या; तो कन्नडात बोलला, बाकीचं मी इथं मराठीत लिहिते.

म्हणाला, मशीनला काही झालं नाही. मी म्हटलं, मग खेळ पुसला गेला? म्हणाला, नाही, खेळ आतच आहे, तुमची स्टेशनं पण आहेत. परवानगी नाही.

आत आहे आणि परवानगी नाही! मी म्हटलं, बाबा, नीट सांग, मला वेळ आहे.

तर असं. दुकानातनं खेळाची डबी आणली तर डबी ज्याच्या हातात, त्याचा खेळ. पण हा नेटवरनं उतरवून घेतलेला. त्यात खेळ विकत मिळत नाही, खेळायची परवानगी मिळते. ती मशीनला चिकटत नाही, विकत घेणाऱ्याच्या नावाला चिकटते. आणि त्या माणसाला एकच मशीन मुख्य म्हणून ठरवता येतं. त्या मुख्य मशीनवर घरातलं कुणीही खेळू दे, नेट असू दे नसू दे. दुसऱ्या मशीनवर मात्र ज्याचं नाव त्यानं स्वतः आत शिरायचं, नेट पण पाहिजे.

"नातीनं दुसरं मशीन मुख्य केलं असणार," म्हणाला. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, मी मेल्यावर माझ्या स्टेशनांचं काय? तो हसायलाच लागला. मी खरंच विचारत होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी उजेड पडला— हे तर रेशन कार्डासारखं! नाव एका वेळी एकाच कार्डावर. पोरगी सासरी गेली की इकडचं नाव कमी करायचं, मग तिकडं चढवायचं. माझं तसंच झालं होतं. निपाणीला माझ्या वडलांनी, अण्णांनी, नाव कमी करून आणलं, तो दाखला मीच पदरात बांधून आणला.

जेवताना सगळ्यांना समजावलं. क्षमाला लगेच कळलं. संग्रामनं घास खाली ठेवला. "म्हणजे ह्या घरातनं नाव काढलं तिनं," म्हणाला. उठला. भात तसाच.

मी एवढी खुशीत सांगत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी श्रीविद्याचा फोन. तिनं कुणाचं तरी वापरलेलं मशीन घेतलंय. "लावताना काय काय विचारत होतं अज्जी, मी सगळ्याला हो म्हणत गेले. खोलीत नेट सारखं जातं, पण खेळ चालतो, तेवढं बरं." म्हणजे ह्या पोरीला ठाऊकच नाही इकडं कुलूप पडलंय ते! ओठावर आलं होतं. गिळलं. इकडं कुलूप काढायचं तर तिनं हे मशीन परत मुख्य करायला पाहिजे, मग तिकडं नेट गेलं की तिचा खेळ बंद. दिवसभर राबून येते. खेळू दे.

संध्याकाळी भजनाला गेले, पेटीवाल्या बाईंना ताप, लवकर परत. दार उघडते तर संग्राम टीव्हीसमोर. हातात खेळाचं बटणांचं ते, समोर कुलपाचं चित्र.

"काय करालास रे?"

"काही नाही. गेलं का बघत होतो."

"माझ्या खेळाची तुला एवढी काळजी?"

हातातलं उलटंसुलटं केलं त्यानं. मग म्हणाला, "पूल अर्धा राहिलाय."

"कुठला पूल? मी पूल बांधलाच नाही."

"तू नाही. तू भजनाला जातीस तेव्हा... माझी वेगळी लाईन आहे."

आठ महिने! पन्नाशीला आलेला माणूस, पोरीशी बोलत नाही आणि पोरीचा खेळ खेळतो. मी हसत सुटले, त्याला राग आला.

"हसू नको. सांग तिला, काढ म्हणावं कुलूप."

"मी नाही सांगणार. तिच्या खोलीत नेट टिकत नाही. तुझा पूल, तू माग."

"तिनं घर काढून टाकलं, मी काय मागू? तूच म्हणालीस, रेशन कार्ड."

जीभ चावली मी. म्हटलं, "तिला माहीत पण नाही रे. मशीन विचारत गेलं, ती हो म्हणत गेली."

हातातलं बाजूला ठेवलं त्यानं. मग पुटपुटला, "वाचून दाबायचं की."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जेवताना संग्रामनं विचारलं, रेशन कार्डावरचं कमी केलेलं नाव परत चढतं का. चढतं, म्हटलं. अर्ज करावा लागतो. कुणी करायचा, म्हणाला. घरातल्या मोठ्यानं, म्हटलं. माझ्याकडं बघितलं. मी आमटी वाढली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बघते तर कुलूप नाही. मी सांगितलं नव्हतं, क्षमानंही नाही.

दुपारी श्रीविद्याचा फोन आला. मी बोलायला लागणार तोच म्हणाली, "अज्जी, तुझ्याशी मग बोलते. बाबांना दे."

तो शेजारी हात पुढं करूनच बसला होता.