न तुटलेल्या पुलाची तक्रार

प्रिय इंजिनिअरसाहेब,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावर जास्त विसंबू नकोस. शनिवारी सकाळी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तुझा अर्ज माझ्यापुढे सरकवला. 'सदर शिक्षिका वर्गात पक्षपात करतात, सबब माझ्या पाल्याचा दाखला सोमवारी मिळावा.' सदर शिक्षिका! अरे, मागच्याच रविवारी सदर शिक्षिकेच्या घरी तू दोनदा वाढून घेऊन जेवलास आणि जाताना डबाही भरून नेलास. तेव्हा पक्षपात चालला वाटतं. मोठ्या बाईंनी विचारलं, "हे तुमचेच ना?" मी म्हटलं, हो, सख्खा भाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या घरी कुणीतरी वारलंय.

तर साहेब, पाचवीच्या वर्गात आठवडाभर काय शिकवलं जातं हे तुला माहीत नाही, तरी तुझी तक्रार आहे. सांगते. आयुष्यात एकदा तरी शेवटपर्यंत वाच.

सोमवारी आम्ही पूल करायला घेतले. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या, दोरा आणि चिकटपट्टी, बाकी काही नाही. दोन बाकांमध्ये पूल ठेवायचा आणि त्यावर एकेक पुस्तक चढवत जायचं, तो मोडेपर्यंत. आता आमच्या वर्गाची एक रीत आहे, ती तू अर्ज लिहिण्याआधी पोरीला विचारायला हवी होतीस. ज्याचा पूल तुटतो त्याच्या हातात खडू येतो. त्यानं फळ्यापाशी जायचं, चित्र काढायचं आणि कुठून तुटला, का तुटला हे सगळ्यांना सांगायचं. तोवर कुणी मध्ये बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. पोरं या खडूसाठी जीव टाकतात. आमच्याकडे पहिला नंबर वगैरे नसतो. ज्याचा तुटला त्याचं भाषण, आणि वर टाळ्या. तुला हे वेडेपणाचं वाटेल. तुझ्या धंद्यात तुटलं की माणसं वकील गाठतात.

मंगळवारी तुझ्या लेकीला, आपल्या मुंगीला, ताप आला. अर्धवट पूल मांडीवर घेऊन बसली होती, डोळे लालबुंद. मी ऑफिसातून तुला फोन लावला आणि मनात म्हटलं, आता दीड तास गेला, ह्याचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तर तू पाच मिनिटांत फाटकाशी हजर. पायात घरातल्या चपला. मी म्हटलंही, "गाडीला पंख लावलेस की काय?" तर तू म्हणालास, "इकडेच एक साइट होती." चपला घालून साइटवर जाणारा इंजिनिअर मी पहिल्यांदाच पाहिला, पण पोर तापलेली होती, म्हणून जीभ आवरली. मला ते किती कठीण जातं हे तुला माहीत आहे. पोर गेली, तिच्याबरोबर अर्धवट पूलही गेला.

गुरुवारी ती परत आली ती पूल दोन्ही हातांनी छातीशी धरून. काय पूल होता! गुंडाळ्या एकसारख्या, कोपरे काटकोनात, चिकटपट्टीवर एक सुरकुती नाही. दहा वर्षांच्या हाताला घाम येतो, साहेब. तो पूल बघूनच कळत होतं की त्याच्यावर गळलेला घाम तुझ्या कपाळाचा होता.

शुक्रवारी चाचणी घेतली. एकेकाचा मोडत गेला, एकेक जण फळ्यावर गेला. जिला आम्ही वकीलबाई म्हणतो, तिनं आपला पूल पुस्तकांच्या दोषानं तुटला असा दावा लावला आणि बराच वेळ रेटला. मग मुंगीचा नंबर आला. वर्गातली सगळी पुस्तकं चढली. नकाशांचं जाडजूड पुस्तक चढलं. एक दप्तर चढलं, मग दुसरं. पूल ढिम्म. मुंगी वाकून वाकून पुलाच्या खाली बघत होती, दरवेळी जरा आशेनं. शेवटी वकीलबाई म्हणाली, "बाई, हिचा तुटतच नाहीये, आमची मधली सुट्टी चाललीये." एकाला भलत्या चौकशा करायची खोड आहे, त्यानं वाकून पुलाच्या एका गुंडाळीच्या टोकाला दुर्बिणीसारखा डोळा लावला आणि जाहीर केलं, "बाई, ह्यातून पलीकडचं दिसत नाही." दिसणार कुठून? आत तू तार भरली होतीस. चांगली जाड, बांधकामावर सळया आवळायला वापरतात ती.

मी कुणाला रागावले नाही. पूल उचलून खिडकीत ठेवला. तुटला नाही म्हणून खडू नाही. सगळ्या वर्गात एकटी तुझी मुलगी अशी उरली, जिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ती जागेवर जाऊन बसली आणि पेन्सिलीला टोक काढत राहिली, टोक असूनही. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं असेल की मला बोलायला मिळालं नाही. त्यावर तू अर्जात 'सर्वांत मजबूत पूल असूनही डावलले' असं ठोकून दिलंस. पोरीचा अपमान झाला की तुझ्या तारेचा, एवढं एकदा आरशात बघून ठरव.

तू लहानपणापासून असाच. सायकलवरून पडून मनगट मोडलं, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा घालून आठवडाभर शाळेत गेलास. आईला कळलं ते तू डाव्या हातानं जेवायला लागलास म्हणून. डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तर सरळ बसलं असतं. अजूनही पावसाळी हवेत तू ते मनगट चोळत बसतोस आणि विचारलं की म्हणतोस, "कुठं काय, काही नाही." आईनं तेव्हा तुला एक ठेवून दिली होती. मला वाटतं ती कमी पडली.

आता शनिवारचं ऐक. तुझा अर्ज पर्समध्ये घालून मी वर्गावर गेले. मुंगीनं कोऱ्या आवाजात विचारलं, "बाई, मला पेपर मिळेल?" दिला. दोन तास कुणाशी न बोलता तिनं नवा पूल केला. वाकडा, मध्येच फुगलेला, चिकटपट्टीत तिचे केस अडकलेले. तिसऱ्या पुस्तकाला तो मटकन बसला. आणि साहेब, ती हसली. खडू घेतला, फळ्यावर चित्र काढलं आणि जे बोलायला लागली ते थांबेना. ही गुंडाळी सैल झाली कारण हात ओला होता, इथं सांधा तिरका गेला, पुढच्या वेळी दोरा आधी आणि चिकटपट्टी नंतर. मी पोरीला इतकं बोलताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. वकीलबाईनं हात वर करून विचारलं, "मग तुझा पहिला का नाही तुटला?" मुंगी म्हणाली, "तो माझा नव्हताच. पप्पांनी केला. पप्पांना आता दिवसभर वेळ असतो. मम्मी कामावर गेली की ते ऑफिसचे कपडे घडी करून ठेवतात आणि ती यायच्या आधी परत घालतात."

वर्गाला यात काही विशेष वाटलं नाही. मागून एक जण म्हणाला, "माझे आजोबा पण घरीच असतात." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काय करणार होते?

म्हणजे साइट नव्हती. ऑफिसही नव्हतं. किती दिवस नाही, ते तुझं तुला माहीत. आणि शाळा बदलायची घाई पक्षपातामुळे नव्हती. पोर रोज जिच्यासमोर बसते ती सदर शिक्षिका तिची आत्या आहे, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही, म्हणून तू शाळाच बदलायला निघालास. धन्य आहे. नोकरी काय, जाते. तुझ्याहून हुशार माणसांची गेली आहे, तुझ्याहून ठोंब्यांना परत मिळाली आहे. त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की रोज कपड्यांची घडी घालताना तू पोरीला शेजारी उभं केलंस, आणि स्वतःच्या आईपासून काय लपवायचं हे तिला शिकवलंस. एवढी मोठी गोष्ट तिनं तापातसुद्धा तोंडातून काढली नाही. मुंगी हे नाव तूच ठेवलंस ना, आपल्याहून मोठं ओझं उचलते म्हणून? कौतुकानं ठेवलं होतंस, असं मला वाटत होतं.

हे सगळं लिहायचं माझ्या मनात नव्हतं. तुझा अर्ज फाडून तोंडावर फेकायचा आणि विषय संपवायचा, एवढंच ठरलं होतं. पण शाळा सुटल्यावर मी वर्ग बंद करायला गेले, तर मुंगी एकटीच आत होती. तुझा तारेचा पूल तिनं परत दोन बाकांमध्ये ठेवला होता आणि कपाटातली पुस्तकं काढून काढून त्यावर रचत होती. पुस्तकं संपली तेव्हा वर खुर्ची चढवायला निघाली. मी ओरडले, "अगं, कशाला मोडतेस, इतका छान आहे." तिनं खुर्ची खाली ठेवली आणि वर्ग सुटलेला असल्यामुळे बाई न म्हणता म्हणाली, "आत्या, तो तुटल्याशिवाय पप्पांना खडू कसा मिळेल?" मोठ्या बाईंना मी सांगितलंय की दाखल्यावर सोमवारी सही करू नका, अर्ज करणारा स्वतः येऊन तुमच्याशी बोलेल. तुझ्या बायकोला मी काही सांगणार नाही, ते काम तुझं, आणि ते रविवारीच उरक. पूल अजून दोन बाकांमध्येच आहे, पुस्तकांसकट. सोमवारी पोर वर्गात शिरून पुन्हा खुर्ची उचलायच्या आत ये. खडू मी टेबलावर काढून ठेवते.

तुझीच,
सदर शिक्षिका