आईला नमस्कार

रविवार, संध्याकाळ. पेरुंगुडी, चेन्नई.

दमले आहे. सकाळी चर्चमध्ये येशूचा शिष्य पेत्र याचा भाग होता. येशूला पकडून नेल्यावर तो येशूला ओळखत नाही म्हणाला, पण लोकांनी त्याला त्याच्या बोलीवरूनच ओळखलं. पेत्राला निदान जिवाची भीती होती. मला कशाची? मामींचा चेहरा उतरेल याची?

मामी म्हणजे घरमालकीण, तंजावरकडच्या मराठी. घर बघायला आले तेव्हा गायकवाड आडनाव ऐकून हरखल्या. "आपलीच माणसं! देवघर त्या कोपऱ्यात करा." मी नुसती मान हलवली. खोटं काही बोलले नाही. हे स्वतःला अजून किती वेळा सांगणार?

आज त्या हरभऱ्याचं सुंडल घेऊन आल्या आणि बसल्या. तेवढ्यात नगरहून आईचा फोन. आम्हा ख्रिस्ती लोकांत फोन उचलला की पहिला शब्द 'सलाम'. आजीपासून तोच चालत आलाय. आई म्हणाली, "सलाम, बाळा." मी काय बोलते ते मामी कौतुकाने ऐकत होत्या. आणि मी म्हणाले, "नमस्कार, आई."

स्वतःच्या आईला कोणी असं नमस्कार म्हणतं का? पेत्राला बोली लपवता आली नव्हती. मला किती सहज जमलं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने हळूच विचारलं, "कोणी बसलंय का गं जवळ?"

"हो."

"बरं. मग नमस्कार."