रद्दीवाल्याच्या काट्यावर माझी सायकल

शनि., ४ ऑक्टो.
अविने गाडीला शेपूट लावून आणलं. कुकटपल्लीला कुणी कारागीर आहे, त्याने गाडीखाली झोपून दांडा बसवला. टोकाला मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा, वर रबरी टोपी. नाव टो बार. गोळ्यावर सायकलींचा स्टँड अडकवायचा आणि चिरंजीव नि सूनबाई दर रविवारी गावाबाहेर जाऊन सायकली चालवणार. आम्ही मोटार नव्हती म्हणून सायकल चालवली. यांना सायकलीसाठी मोटार लागते. असो.
फाटक आता लागत नाही, दांड्याला अडतं. मेघनाला म्हटलं. "अप्पा, तोपर्यंत वीट लावा ना." लावली.

सोम., ६
स्टँड आला. खोक्यावरचं चित्र चष्मा पुसून पाहिलं. तीन सायकलींची जागा आहे. चालवणारे दोघे. तिसरी कुणाची? अवि मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "तीनचाच मिळाला, अप्पा." प्रगतिपुस्तक लपवायचा तेव्हाचा आवाज.
घरात तिसरी सायकल एकच, माझी. ऑगस्टात चौकात पडलो तेव्हापासून तिच्यावर दोघांचा डोळा. पुन्हा बसणार नाही असं कबूल केलंय. सकाळी वाचनालयापर्यंत जातो ते मी त्यात धरत नाही.

बुध., ८
अक्षर नीट येत नाहीये.
अकराच्या सुमारास यादय्या आला, रद्दीवाला. दिवाळीआधीची रद्दी. मी गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होतो. खाली पाहतो तर पेरूच्या फांदीला यादय्याचा आकड्याचा काटा, आणि आकड्याला माझी सायकल. लोंबकळत होती. हँडल एका बाजूला वळलेलं, मान टाकल्यासारखं. पुढचं चाक आपलं सावकाश फिरतंय.
यादय्या वाकून म्हणाला, "बाईस किलो, साब." अविने मोबाइलवर टिपून घेतलं.
पाचवीत नदीची एक कविता होती. लग्नानंतर सु. मागे कॅरिअरवर बसायची तेव्हा नामपल्ली स्टेशनापासून घरापर्यंत म्हणून दाखवायचो. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, ती मीच रचलीय. मीही कधी... त्या चाकाकडे पाहताना दुसरी ओळ आठवेना. साठ वर्षांत पहिल्यांदा.
संध्या. — अविला विचारलं. म्हणे, गोळ्यावर ठराविक वजनच चालतं, म्हणून मोजलं. मग तुमच्या दोन का नाही टांगल्या? "त्यांचं वजन कंपनीने लिहून दिलंय, अप्पा. तुमच्या सायकलीचा कागद कुठे आहे?" उत्तर तयार होतं. खरं बोलणाऱ्याला इतकं पटकन सुचतं?

शुक्र., १०
सायकल खिडकीच्या गजाला साखळीने बांधली. कुलूप. किल्ली चष्म्याच्या घरात.
मेघनाने पाहिलं. कुणापासून कुलूप, म्हणून विचारलं. चोरांपासून, फाटक उघडं असतं ना, म्हटलं. आत जाऊन चहा केला. त्यात साखर जास्त. एरवी मोजून अर्धा चमचा घालते.
जेवताना अविने विषय काढला. विकाराबादच्या बाजूला मोकळा रस्ता आहे, रविवारी तुम्हीही चला, हवी तेवढी चालवा. मग इथे? भाताकडे बघत म्हणाला, "इथे नको. त्या दिवशी चौकातून मला फोन आला तो तुम्हाला नाही आला, अप्पा."
ताक वाढून घेतलं. पण म्हणजे आठवड्यातून एकदा, तेही मोटारीला टांगून. आणि परत आणतील याची खात्री काय?

शनि., ११
वाचनालयात पायी गेलो. कुलूप माझंच, पण किल्ली काढताना मेघना समोर होती.
येताना कोपऱ्यावर यादय्या. मला तो पंतुलु म्हणतो, म्हणजे मास्तर. हातगाडी थांबवून म्हणाला, "पंतुलु, छोटे साब इतवार के बाद आओ बोले."
"कायकू?"
"मेरेकू बोले नै."
माळ्यावर वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे राहिलेत, हे खरं. त्यांच्यासाठी बोलावलं असेल. असेलही.

रवि., १२
सकाळी सहाला स्टँड गोळ्यावर चढलेला. त्यांच्या दोन सायकली लागलेल्या, काचेला लागून एक जागा रिकामी. अवि फाटकाशी उभा, वीट बाजूला केलेली. "अप्पा, किल्ली."
किल्ली दिली नाही. मीच कुलूप काढलं, सायकल मीच नेली. दोघांनी उचलून चढवली, पट्टे आवळले. मग माझी साखळी मी स्टँडच्या दांड्याला गुंडाळली, माझं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. अवि हसला. मेघना नाही.
हे गाडीत लिहितोय, हादऱ्याने ओळी तिरप्या. मागच्या काचेतून तिचं हँडल दिसतं. पट्टा सुटलाय की काय, पुढचं चाक वाऱ्याने फिरतंय. दर दोन मिनिटांनी वळून बघतो. मान दुखते. कवितेची दुसरी ओळ ओठांपर्यंत येते आणि जाते.
उद्या सोमवार. यादय्या येईल. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं ठरवलंय.
अवि आरशातून बघतोय. "काय लिहिताय, अप्पा?"
म्हटलं, कविता.