खाणीची हद्द

५ जानेवारी
नोकरी लागली! खाण कंपनीत, संपर्क अधिकारी! नाकाडोंगरीकडच्या आमच्या गावातून कंपनीच्या जीपमध्ये बसणारी पहिली मुलगी मीच. आईने विचारलं, "काम काय करा लागते?" लोकांशी बोलायचं, म्हटलं. "त्याचे बी पैसे भेटते?" म्हणत हसत सुटली.

८ जानेवारी
आज माझे वरिष्ठ योगेंद्र सर यांच्यासोबत भंडाऱ्याला, एका मोठ्या सरकारी साहेबांकडे. मला वाटलं, सर खाणीची बाजू जोरात मांडतील. छे! बराच वेळ साहेबांचंच ऐकत बसले. साहेबांना वर अहवाल पाठवायचा होता, माहिती जमत नव्हती. सरांनी बॅगेतून तयार कागद काढून दिला. खाणीचं नावसुद्धा नाही काढलं! निघताना साहेबच म्हणाले, "तुमच्या प्रस्तावाचं काय झालं हो?"

मी तर बघतच राहिले! जीपमध्ये सर म्हणाले, "त्यांचं काम आपण कमी केलं. आता आपलं काम त्यांच्या डोक्यात राहील. आणि हो, 'नाही' कोणाला म्हणायचं नाही. 'बघतो' म्हणायचं. माणूस खुश होऊन घरी जातो."

११ जानेवारी
आईने चहा मागितला. मी म्हटलं, "बघते!" पाठीत धपाटा.

१५ जानेवारी
कंपनीला नवी खाण आमच्या गावामागच्या डोंगरीवर हवी, त्यासाठी २६ तारखेच्या ग्रामसभेचा ठराव हवा, आणि गाव अडून बसलंय. सगळ्यात पुढे कोण? आमच्या मातोश्री, बेबीबाई!

सरांना वाटत होतं, लोक धुळीला घाबरतात. मी म्हटलं, सर, धूळ नाही – मोह! आमच्याकडे जंगलातला मोहसुद्धा ज्याचा त्याचा असतो. कागदावर कुठेच नाही, पण कोणत्या झाडाखालची फुलं कोण वेचणार, हे आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही.

सरांनी गाडी बाजूला घेतली. "टीना, हे आजवर मला कोणीच सांगितलं नाही!" काय सांगू किती आनंद झाला!

१८ जानेवारी
सरांना डोंगरीवर फिरवलं. हे भय्याजींचे, हे डोमाकाकांचे, ते शेजारच्या शकुनबाईंचे... सर प्रत्येक झाडाशी थांबून नकाशावर खूण करत होते. "ही झाडं सोडून खाणीची हद्द आखू. थोडी वाकडी होईल, होऊ दे." एवढ्या मोठ्या कंपनीची हद्द माझ्या बोलण्यावरून वाकली!!

ओढ्यापलीकडे आमचे तीन मोह. तिथे मात्र जीभ रेटेना. पहिल्याच कामात घरचं कसं पुढे करायचं? नंतर सांगू.

२१ जानेवारी
नवा नकाशा घेऊन घरोघरी. शकुनबाई म्हणाल्या, "माही झाडं राहाते न? मंग मले काय कराचं हाय!" भय्याजी तेच, डोमाकाका तेच. कोणाशी वाद नाही, भांडण नाही! दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

आता कळलं सरांचं कसब. लोकांना पटवायचं नसतंच. एकेकाची अडचण तेवढी सोडवायची.

२३ जानेवारी
धीर करून सरांना आमच्या तीन झाडांचं सांगितलं. लगेच म्हणाले, "बघतो." उगाच घाबरत होते मी! गुणगुणत घरी आले.

२६ जानेवारी
ठराव पास!

आई बोलायला उभी राहिली. मग वळून म्हणाली, "शकुन, उठ न वं." मागच्या सभेत दोघींनी हात धरून घोषणा दिल्या होत्या. शकुनबाई पदर नीट करत बसून राहिल्या. कोणीच उठलं नाही. भिंतीवर नकाशा लावला होता. हद्द सगळीकडे वाकडीतिकडी, फक्त ओढ्यापाशी सरळ.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे टीनाचं यश." टाळ्या पडल्या. आनंद झाला – खोटं कशाला लिहू? पण आईकडे बघवलं नाही.

२४ मार्च
मोह गळतोय. आमचा, तारेच्या कुंपणाआड. सकाळी सगळं गाव डोंगरीवर गेलं. आई रिकामी टोपली घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत नाही आली.

"टीना, तुह्या सायबाले इचारशीन का वं? खाली पडलेलाच तं वेचाचा हाय."

मी म्हटलं, "बघते."