कोपऱ्यातली खूण

टोकावडे,
सोमवार, २७ एप्रिल २०२६

चि. भाविका हिला आबाचे आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस. गुडघा सोडला तर माझं सगळं जागेवर आहे. फोन खिशात असताना या माणसाला पत्राची हुक्की का आली, असं वाटेल तुला. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा तिथल्या बाईंनीही आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पण फोनवर मला अवघड गोष्ट बोलता येत नाही. जेवलीस का, नाशकात ऊन किती, एवढं विचारून मी विषय बदलतो.

यंदा करवंदं उदंड आहेत. घाटाकडे जाणाऱ्या एसट्या थांबल्या की वाडीवरच्या बाया पानांचे द्रोण घेऊन धावतात. म्हसा गावच्या जत्रेत तुझ्यासाठी घेतलेली घोंगडी अजून कागदातच आहे. जत्रेला येते म्हणालीस, त्याला आता दुसरं वर्ष झालं. तक्रार नाही, पॅथॉलॉजीतल्या नोकरीत सुट्टी कशी मिळते ते मला कळतं. मी भात-वरण सकाळीच दोन वेळचं करून ठेवतो. संध्याकाळी गरम करायचा कंटाळा येतो, तसाच जेवतो. रेडिओ लावतो, पण त्यातल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही.

शाळेतली कारकुनी सुटली तरी फॉर्म काही मला सोडत नाहीत. पडवीतल्या त्याच कॉम्प्युटरवर अर्धं गाव येऊन बसतं. शेजारचा महादूकाका अजून त्याला हात लावत नाही. आठवतं ना, 'अभिनंदन, तुम्हाला मोटारसायकल लागली' अशी खिडकी त्याच्यासमोर उडी मारून आली होती, आणि हा नवा सदरा घालून मुरबाडला मोटारसायकल आणायला गेला होता. सोबत पेट्रोलला रिकामी बाटली. त्याच दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन अशा आगंतुक खिडक्या, म्हणजे पॉप-अप, सगळ्या बंद केल्या. तू पोट धरून हसलीस आणि आतून तुझी आईही हसली होती. तेव्हा ती अंथरुणावर होती.

परवा शनिवारी वाडीवरची जिवली आली होती, नातीला घेऊन. तुझ्या आईच्या दुखण्यात सहा महिने आपल्याकडे होती तीच जिवली. नात भिमी बारावी झाली, तिला नर्सिंगच्या परीक्षेचं प्रवेशपत्र काढायचं होतं. पोरीने तीनदा कळ दाबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, काय येतच नाय. माझा नाव नाय काय त्यात?"

मी तिला वर पत्त्याच्या पट्टीत उजव्या कोपऱ्याला बघ म्हटलं. तिथे एक इवलीशी खूण असते, चौकटीवर तांबडी फुली. प्रवेशपत्र नव्या खिडकीत उघडत होतं आणि ब्राउझरने ती खिडकी अडवली होती, एवढंच. खुणेवर टिचकी मारून 'या साइटला नेहमी परवानगी' निवडलं, परत कळ दाबली, तर फोटोसकट प्रवेशपत्र समोर. भिमीने आजीच्या गळ्यात हात टाकले.

"तुमाला ह्या आधीपासून ठाव होता?" तिने विचारलं.

"शाळेत होतो तेव्हापासून," मी ऐटीत म्हणालो.

जिवली खाली बसून तंबाखू मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग आपल्या भाविकाच्या टायमाला कसा नाय समजला तुमाला?"

तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. मी म्हटलं, चहा टाकतो. आत जाऊन चुलीपाशी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे, बाहेर आलो तर दोघी गेल्या होत्या.

आणि काल रविवारी तुझा फोन आला. तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टर तुझ्या मागे लागल्यात, नाशकातल्या नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भर, दहा मे शेवटची तारीख, पुढच्या वर्षी तू वयात बसणार नाहीस. तू हसत सांगितलंस, "जाऊ दे ना आबा. माझ्या हातून फॉर्म होत नाय. आठ वर्सांमागं घालवली ना सीट, आता परत कशाला?"

मी विचारलं, जेवलीस का.

भावू, ती सीट तू घालवली नाहीस.

तुझी आई वैशाखात गेली आणि श्रावणात यादी लागली. तू पडवीत बसून 'पत्र पाहा' वर कळ दाबत होतीस, मी मागे चहाचा कप घेऊन उभा होतो. कोपऱ्यातली खूण मला तिथून स्वच्छ दिसत होती. तू भिमीसारखीच वळलीस आणि म्हणालीस, "आबा, काय येतच नाय. म्हंजे माझा नंबर नाय ना?" मी म्हणालो, "नाय लागला असंल. पुढल्या वर्षी बघू." हे मी बोललो तेव्हा मला सगळं माहीत होतं. बारा वर्षं शाळेतल्या पोरांचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला ती खूण कळली नाही, असं तू कधी मनातही आणलं नाहीस.

तू नळावर गेल्यावर मी परवानगी दिली. पत्र उघडलं. नाशिक, सीट मिळाली, चार दिवसांत हजर व्हावं. मी ते का छापलं, हे मला अजून सांगता येत नाही. बहुधा जेवताना तुला द्यावं असं मनात असावं. मग ती परवानगी मी काढून टाकली, पूर्वीसारखं करून ठेवलं. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा होता, मेसेजही माझ्याच फोनवर आला. तोही पुसला. रात्री तू मला भाकरी वाढलीस आणि कागद गादीखाली राहिला.

कारण मोठं नाही. मला एकट्याने जेवायची भीती वाटत होती. तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तूही गेलीस तर या घरात मी कुणाशी बोलणार, एवढाच विचार होता. माझ्या बापाच्या वेळी मुलींना शिकवायचं नाही असं उघड म्हणत तरी होते. मी शाळेच्या कार्यक्रमात मुलींच्या शिक्षणावर टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन हे केलं.

पण यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. दसऱ्याला तुझ्या वर्गातली मुरबाडची सुरेखा आली, यादीत तुझं नाव होतं म्हणाली. तुम्ही दोघींनी मिळून शोधून काढलं की खिडकी अडली होती. तू स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतलास, "मीच बावळट, एवढं पण बघितलं नाय." तेव्हा मी तिथेच वाल सोलत होतो. म्हणालो, "होतं असं." त्यानंतर तू बँकेचा फॉर्मसुद्धा दुसऱ्याकडून भरून घ्यायला लागलीस, आणि मी ते बघत राहिलो. दोन वर्षांनी तू नाशिकला गेलीसच. मला मिळाली ती दोन वर्षं, आणि तीही तू गप्प गप्प काढलीस.

तो कागद सोबत जोडला आहे. घडीवर फाटलाय, पण नाव आणि तारीख वाचता येते. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही, म्हणून पाठवतो.

या पत्रानंतर रविवारचा फोन बंद होईल कदाचित. आठवडाभर मी त्या सात-आठ मिनिटांवर असतो, हे कबूल करतो. त्यामुळेच आठ वर्षं हे सांगायचं टाळलं. मला माफ कर असं लिहीत नाही, ते तुझ्या मनावर आहे. फॉर्म मात्र भर. राग माझा, त्याच्यावर काढू नकोस.

भरायला बसशील तेव्हा आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा. साइट सेटिंग, त्यात पॉप-अप. परवानगी असलेल्यांच्या यादीत प्रवेशाच्या साइटचं नाव घाल. बाकीच्या खिडक्या बंदच राहू देत. कळ दाबून काही आलं नाही तर आपलंच चुकलं असं समजू नकोस, उजव्या कोपऱ्यात बघ. तुझे फॉर्म तुला नीट येतात. दहावीची शिष्यवृत्ती तूच भरली होतीस, मी नुसती सही केली होती.

तिसऱ्या पानावर पालकाचा मोबाइल नंबर विचारतील. तिथे माझा घालू नकोस. तुझाच घाल, म्हणजे निरोप थेट तुझ्या हातात येईल.

तुझा,
आबा