अप्पा, गोळ्या मी बंद केल्या होत्या

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. एकाच खोलीत राहणाऱ्या आपल्याला पत्रं लिहायची वेळ कधी आली नाही. पण आज कामतघरच्या चाळीत तुमची गोष्ट सांगितली, आणि पहिल्यांदा खरी सांगितली. ते तुम्हाला कळवायलाच हवं.

कुष्ठरोगाच्या दवाखान्यातली माझी ड्युटी तुम्हाला ठाऊकच आहे. आज त्या चाळीत घरोघरी पेशंट बघताना एक लूम कारीगर भेटला. चट्टे लाल होऊन फुगलेले, कोपर धरून बसलेला. शेजारी त्याची बायको. "दीदी, दवा उलटी पड़ गई. मैंने फेंक दी," तो म्हणाला.

तुम्हीही असेच बसला होतात, आठवतं? चार महिने गोळ्या घेऊन चट्टे फिके पडले, आणि मग दोन दिवसांत सगळे लालबुंद. रोजची गोळी द्यायचं काम माझ्याकडे. दहावीतली दीडशहाणी मी! औषध बाधलं म्हणून पाकीट डाळीच्या डब्यामागे लपवलं आणि तुम्हाला एसटीने वज्रेश्वरीला नेलं. गरम कुंडात बसलं की कातडीचं दुखणं जातं, असं आपल्याकडे कोण सांगत नाही? सूज वाढली तशी मी खूश. मला वाटलं, रोग बाहेर पडतोय.

लूमवरचा तुटलेला धागा तुम्ही न बघता जोडायचात. परत आल्यावर ती गाठ निसटायला लागली. महिनाभर तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. का हो अप्पा?

दवाखान्यात गेलो तोवर करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. डॉक्टर म्हणाले, ही रिअ‍ॅक्शन. औषध बाधलेलं नाही, शरीरच जंतूंवर उठलं आणि त्यात कोपराजवळची नस सुजली. गोळ्या चालू ठेवून लगेच आला असतात, तर सूज उतरवायचं औषध देऊन हात बहुतेक वाचवता आला असता.

"गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मीच. पोरीला काय ठावं न्हाय."

मी बाजूलाच उभी होते. गप्प राहिले. पुढे इतकी वर्षं पेशंटना तेच सांगत आले, माझ्या वडिलांनी औषध सोडलं म्हणून. तुमच्यावर राग यायचा, इतकं कशाला सांभाळून घेतलंत? खरा राग माझा माझ्यावरच होता.

आज त्या कारीगरालाही तेच सांगितलं, तर त्याने विचारलं, "अब्बा ने क्यों छोड़ी?"

मग म्हटलं, "उन्होंने नहीं. मैंने छुड़वाई."

तशी त्याची बायको रडायलाच लागली. "दीदी, फेंकी तो मैंने. ये तो खा रहे थे. चार दिन हुए."

चारच दिवस, अप्पा! नस किती शाबूत आहे ते बघायला त्याच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये कागद धरायला दिला आणि ओढून पाहिला. पकड ढिली होती, पण कागद सुटला नाही. तिघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. त्याच्या आधीच्या गोळ्या पुन्हा आणि सूज उतरवायची गोळी नव्याने आजच सुरू झाली, आणि रोज त्या द्यायचं काम मी मुद्दाम त्याच्या बायकोलाच दिलं.

यापुढे तुमची गोष्ट सांगेन तेव्हा चूक माझ्या नावावर सांगेन. तुमच्या नावावर फक्त तो वळलेला हात राहील.

तुमची,
नंदा